आरोग्याच्या आकड्यांतून जिल्हावार रंगीत नकाशा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

शाळेच्या भूगोलात याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात. टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी अशा वितरणाच्या नकाशांच्या तीन पद्धतींपैकी ही दुसरी: प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या आकड्याप्रमाणे फिकी किंवा गडद छटा. वहीत रंगपेटीने करायचं ते काम आता ब्राउझरमध्ये फुकट होतं आणि तयार नकाशा वेबपानावर टाकता येतो. रंग भरायला वीस मिनिटं पुरतात. त्याआधी तक्ता नीट करण्यात मात्र अख्खी दुपार जाते, आणि नकाशे बिघडतात ते बहुतेक तिथेच.

इथे एकच नकाशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू: महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांत पाच वर्षांखालच्या किती टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. आकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे, म्हणजे एनएफएचएस-५ चे, २०१९-२१ मधले. राज्याचा आकडा ३५.२ टक्के. रुग्णसंख्येच्या नकाशात वेगळ्या अडचणी येतात, त्या वाटेत येतीलच.

साधनं चार. एक्सेल किंवा गूगल शीट्स. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, जे फुकट उतरवून घेता येतं. मॅपशेपर हे नकाशाची फाइल हलकी करणारं साधन, जे ब्राउझरमध्येच चालतं. आणि नकाशा रंगवून वेबवर टाकायला डेटारॅपर या संकेतस्थळाचं मोफत खातं. काम संगणकावरच करा, मोबाइल शेवटी तपासणीला लागेल.

आकडा कुठून आणला, त्यावर सगळं

आरोग्याचा जिल्हावार आकडा साधारण तीन वाटांनी येतो आणि तिन्हींचा स्वभाव निराळा आहे.

पहिली वाट सर्वेक्षणाची. एनएफएचएसमध्ये घरोघरी जाऊन नमुना घेतात, मुलांची उंची-वजन मोजतात आणि प्रत्येक जिल्ह्याचं तथ्यपत्रक पीडीएफमध्ये देतात. बाई कुठे बाळंत झाली यापेक्षा ती राहते कुठे, यावर हा आकडा बसतो. नकाशासाठी हे सोयीचं.

दुसरी वाट दवाखान्यांच्या मासिक नोंदींची, म्हणजे एचएमआयएस. इथे घटना जिथे घडली तिथे मोजली जाते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि अवघड बाळंतपण जिल्ह्याच्या किंवा शेजारच्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवलं जातं. म्हणून मोठी रुग्णालयं असलेल्या जिल्ह्यात संस्थेतल्या प्रसूतींचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं आणि शेजारचा जिल्हा उगाच मागासलेला वाटतो. आकडा खोटा नसतो. अंश एका जागेचा आणि छेद दुसऱ्या जागेचा, एवढंच झालेलं असतं. असा आकडा रंगवायचा असेल तर नकाशाखाली ‘घटना जिथे घडली त्या जिल्ह्यानुसार’ असं लिहा.

तिसरी वाट रोगनिहाय नोंदींची: डेंगी, हिवताप, क्षयरोग. जिथे तपासणी जास्त तिथे रुग्ण जास्त सापडतात, हे धरूनच तो नकाशा वाचावा लागतो.

आणि एक वाट जिल्ह्यापर्यंत पोचतच नाही. नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस, अर्भकमृत्युदर देते तो राज्याचा. राज्याचाच आकडा ३६ जिल्ह्यांना वाटून दिलेले नकाशे सापडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी १: तक्ता

कोऱ्या शीटवर पाच रकाने करा: जिल्ह्याचा कोड (कुठला ते पायरी ४ मध्ये), इंग्रजी नाव, मराठी नाव, आकडा, टीप. एका जिल्ह्याला एक ओळ. वर शोभेची शीर्षकं नकोत, जोडलेल्या पेट्या नकोत, तळाशी ‘एकूण महाराष्ट्र’ ही ओळ नको. ती ओळ राहिली तर सदतिसावा जिल्हा म्हणून जुळवणीत अडकते.

तथ्यपत्रकातून आकडा घेताना निर्देशांकाच्या क्रमांकावर विसंबू नका. राज्याच्या पत्रकात १३१ निर्देशांक आहेत, जिल्ह्याच्या पत्रकात १०४. एकाच गोष्टीचा क्रमांक दोन्हीकडे वेगळा पडतो. ओळीचं पूर्ण वाक्य वाचा. वयाच्या मानाने उंची कमी, उंचीच्या मानाने वजन कमी आणि वयाच्या मानाने वजन कमी या तीन ओळी खालीवर असतात आणि घाईत भलतीच उचलली जाते. शिवाय राज्याच्या पत्रकात आधी शहरी, मग ग्रामीण, मग एकूण असे रकाने आहेत, आणि शेवटी मागच्या फेरीचा.

आता कंस. तथ्यपत्रकात एखादा आकडा कंसात असेल तर तो २५ ते ४९ नमुन्यांवरच काढलेला आहे. ताराचिन्ह असेल तर नमुने २५ पेक्षाही कमी, म्हणून आकडा दिलेलाच नाही. कंसातला ४२.३ एक्सेलमध्ये चिकटवला की तो उणे ४२.३ होतो, कारण हिशेबाच्या जगात कंस म्हणजे वजाबाकी. नकाशावर तो जिल्हा सर्वांत फिका दिसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तक्ता भरून झाला की आकड्याच्या रकान्याचा किमान आणि कमाल आकडा काढून बघा. टक्केवारीत उणे आकडा किंवा १०० च्या वरचा दिसला, तर तिथेच थांबा. कंस होता हे टीपेच्या रकान्यात लिहा. ताराचिन्हाची पेटी रिकामी ठेवा, शून्य टाकू नका.

आणखी एक, खास आपल्यासाठी. या लेखात आकडे देवनागरी आहेत. तक्त्यात मात्र इंग्रजी अंकच टाका. मराठी कळफलकावरून ‘३५.२’ लिहिलं तर यंत्र त्याला अक्षरं समजतं आणि जिल्हा बिनरंगाचा राहतो. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत एक्सेल मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लावतं, आणि फाइल बंद केल्यावर ती नावं परत येत नाहीत.

पायरी २: मोजणी नको, दर हवा

आपला आकडा आधीच टक्केवारी आहे, त्यामुळे ही पायरी सुटली. पण डेंगीचे रुग्ण रंगवायचे असतील तर ती गाळू नका.

समजा एका वर्षात पुणे जिल्ह्यात ८५० रुग्ण सापडले आणि सिंधुदुर्गात ८५. नुसती संख्या रंगवली तर पुणे काळंकुट्ट आणि सिंधुदुर्ग पांढरंफटक. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती, सिंधुदुर्गची ८,४९,६५१. रुग्ण भागिले लोकसंख्या गुणिले एक लाख केलं की पुण्याचा दर ९.० येतो आणि सिंधुदुर्गचा १०.०. चित्र उलटलं. संख्येचा रंगीत नकाशा म्हणजे बहुतेक वेळा लोकसंख्येचाच नकाशा. संख्याच दाखवायची असेल तर जिल्ह्यावर लहान-मोठी वर्तुळं काढा, छटा नको.

छेद कुठला घ्यावा याला गोड उत्तर नाही. जिल्हावार पक्की लोकसंख्या २०११ ची. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ चे लोकसंख्या अंदाज काढले ते राज्यांचे. ठाणे, पुणे यांसारखे जिल्हे २०११ नंतर बरेच फुगले, तेव्हा जुना छेद धरला की त्यांचे दर फुगतात. जो छेद धरला तो सगळ्या जिल्ह्यांना एकच ठेवा आणि नकाशाखाली लिहा. अर्ध्या जिल्ह्यांना २०११ आणि अर्ध्यांना कुठल्याशा अहवालातला ताजा आकडा, ही खिचडी सगळ्यात वाईट.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रोगनिहाय याद्या घेतल्यात तर आणखी एक काम अंगावर येतं. त्यांत जिल्हा आणि महापालिका वेगवेगळ्या ओळींत असतात. कोविडच्या काळातली रोजची यादी पाहिलेल्यांना आठवेल: ठाणे, ठाणे मनपा, नवी मुंबई मनपा, कल्याण-डोंबिवली मनपा, उल्हासनगर मनपा, भिवंडी-निजामपूर मनपा, मीरा-भाईंदर मनपा. या सात ओळी मिळून ठाणे जिल्हा. वसई-विरार मनपा पालघरमध्ये मिळवायची, मालेगाव मनपा नाशिकमध्ये, पिंपरी-चिंचवड पुण्यात. तक्त्यात ‘कुठल्या जिल्ह्यात’ असा रकाना वाढवा आणि पिव्होट टेबलने, म्हणजे शीटमधल्या गटवार बेरजेच्या सोयीने, बेरीज करा. डोळ्यांनी बेरीज करायला जाल तर एखादी ओळ निसटतेच.

मुंबईचं उलट. रोगाच्या यादीत बृहन्मुंबई महापालिका ही एकच ओळ आणि नकाशावर जिल्हे दोन, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. एकच आकडा दोन्हींना देऊ नका, अर्धा-अर्धाही वाटू नका. नकाशाच्या फाइलमधल्या आकृतीतच दोन्ही जिल्हे एक करा आणि छेद म्हणून ३०,८५,४११ आणि ९३,५६,९६२ यांची बेरीज १,२४,४२,३७३ धरा. मग तुमच्या नकाशात ३५ आकृत्या राहतात, आणि ते बरोबरच आहे.

बेरीज होते ती रुग्णांची आणि लोकसंख्येची. टक्केवारीची सरळ सरासरी काढू नका. समजा ठाण्यात ३० टक्के आणि पालघरात ४५ टक्के. दोन्ही मिळून ३७.५ नव्हे. ठाण्याची लोकसंख्या ८०,७०,०३२ आणि पालघरची २९,९०,११६ असं वजन धरलं तर उत्तर ३४.१ येतं.

पायरी ३: जिल्ह्यांच्या सीमा

सर्वे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर नोंदणी केली की प्रशासकीय सीमांच्या फाइल मिळतात. डेटामीट या स्वयंसेवी गटाने २०११ च्या जनगणनेप्रमाणे केलेल्या सीमाही खुल्या आहेत, पण त्यांत पालघर नाही, कारण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. आकडे ३६ जिल्ह्यांचे आणि सीमा ३५ जिल्ह्यांच्या, असं झालं तर ठाण्याचा आकडा पालघरच्या आदिवासी पट्ट्यावरही पसरतो. एनएफएचएस-५ ने ३१ मार्च २०१७ चे जिल्हे धरले आहेत, म्हणजे ३६ ची फाइलच हवी.

पूर्ण भारताचा नकाशा करणार असाल तर बाहेरची सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे. न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि परदेशी साधनांतले तयार नकाशे जम्मू-काश्मीर नि अरुणाचलच्या बाबतीत हमखास वेगळे असतात.

सीमांची फाइल बहुधा शेपफाइल या प्रकारात मिळते, आणि ती एक फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशी चार तरी भावंडं एकत्र लागतात. डीबीएफ हरवली तर आकृत्या येतात पण नावं येत नाहीत. पीआरजे हरवली तर नकाशा कुठे ठेवायचा हेच साधनाला कळत नाही.

क्यूजीआयएसमध्ये फाइल उघडा, गुणधर्मांच्या तक्त्यात राज्याच्या रकान्यावरून महाराष्ट्र निवडा. नाव सरळ सापडलं नाही तर चक्रावू नका: सर्वे ऑफ इंडियाच्या फाइलमध्ये दीर्घ ‘आ’च्या जागी ‘>’ असं चिन्ह घातलेलं असतं, त्यामुळे महाराष्ट्र हा शब्दच मध्ये तुटल्यासारखा दिसतो. निवडलेल्या आकृत्या ‘सेव्ह सिलेक्टेड फीचर्स ॲज’ने जिओजेसन या वेबवर चालणाऱ्या प्रकारात जतन करा आणि सीआरएसच्या पेटीत ईपीएसजी ४३२६, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश, ठेवा. ही एक पेटी चुकली तर डेटारॅपरमध्ये कोरा पडदा दिसतो. खात्री करायची असेल तर जिओजेसन नोटपॅडमध्ये उघडा. आकड्यांच्या जोड्या ७३ आणि १९ च्या आसपास, म्हणजे रेखांश ७२ ते ८१ आणि अक्षांश १५ ते २२ यांच्या दरम्यान दिसल्या तर महाराष्ट्र जागेवर आहे. लाखांतले आकडे दिसले तर पद्धत बदललेली नाही.

फाइल काही एमबींची निघेल. कोकणचा किनारा आणि खाड्या यांत हजारो बिंदू असतात. ती मॅपशेपरवर टाका, ‘सिम्प्लिफाय’ दाबा, ‘प्रिव्हेंट शेप रिमूव्हल’वर खूण करा आणि पट्टी साधारण १० टक्क्यांवर आणा. खूण विसरलात तर लहान आकृत्या नाहीशा होऊ शकतात. फाइल अर्ध्या एमबीच्या आत आली की मोबाइलवर पटकन उघडते. हेच काम क्यूजीआयएसच्या सिम्प्लिफाय साधनाने करू नका: ते प्रत्येक जिल्हा सुटा सुटा घासतं, त्यामुळे शेजारच्या दोन जिल्ह्यांची समाईक सीमा दोन तऱ्हांनी घासली जाते आणि मध्ये पांढऱ्या फटी पडतात. मॅपशेपर समाईक रेघ एकदाच हलवतो.

पायरी ४: जुळवणी

नवखे इथेच अडकतात. तक्त्यातला जिल्हा आणि आकृतीतला जिल्हा एकच आहे हे यंत्राला अक्षर-अक्षर जुळल्याशिवाय कळत नाही. जनगणनेच्या इंग्रजी नोंदीत बीड हा ‘बिड’सारखा लिहिला आहे, रायगडच्या शेवटी ‘गढ’चं स्पेलिंग आहे, बुलढाण्यातला ‘ढ’ साधा ‘ड’ झाला आहे, गोंदियाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या सर्वेक्षणांत अर्थातच जुनी नावं. देशभराच्या फाइलवर काम करत असाल तर आणखी गंमत: औरंगाबाद बिहारमध्येही आहे आणि रायगढ छत्तीसगडमध्ये. नावावरून जुळवलंत तर संभाजीनगरचा आकडा बिहारमध्ये जाऊन बसेल.

म्हणून नाव फक्त वाचकासाठी, जुळवणी कोडवर. आपल्याकडे दोन कोड चालतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ४९७ नंदुरबारपासून ५३१ सांगलीपर्यंत आहेत. त्यांत पालघर नाही. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत, म्हणजे एलजीडीत, ४६६ अहमदनगरपासून ५०० यवतमाळपर्यंत इंग्रजी वर्णानुक्रमाने, आणि पालघर ६६५. आता नीट बघा: ४९७ ते ५०० हे कोड दोन्हींत आहेत. जनगणनेत ४९७ म्हणजे नंदुरबार, एलजीडीत ४९७ म्हणजे ठाणे. जनगणनेत ५०० बुलढाणा, एलजीडीत यवतमाळ. तक्ता एका पद्धतीचा आणि आकृती दुसऱ्या पद्धतीची झाली तर चार जिल्हे चुकीचे जुळतात आणि बाकीचे कोरे राहतात. कोरे दिसतात म्हणून तुम्ही ते हाताने भरता, आणि त्या चार चुका तशाच राहतात. आपल्या कामाला एलजीडी घ्या, कारण त्यात ३६ ही आहेत.

जुळवणी झाल्यावर मोजा: ३६ पैकी ३६. मग चार जिल्हे डोळ्यांनी पडताळा, मुद्दाम नंदुरबार, ठाणे, बुलढाणा आणि यवतमाळ.

पायरी ५: वर्ग कुठे तोडायचे

एकाच तक्त्यातून चार निरनिराळे नकाशे निघू शकतात, सगळे खरे, आणि त्यांचे अर्थ चार तऱ्हांचे. फरक पडतो तो वर्गांच्या सीमांनी.

समान संख्येचे वर्ग केले तर ३६ जिल्ह्यांचे नऊ-नऊचे चार गट होतात. नकाशा दिसतो छान, पण जिल्ह्यांत फरक नसला तरी नऊ जिल्हे गडद होणारच. समान अंतराचे वर्ग केले आणि एखादा जिल्हा फार वर असला तर तो एकटा गडद आणि उरलेले सगळे एका रंगात. नैसर्गिक तुटीचे वर्ग, ज्याला साधनांत जेन्क्स म्हणतात, ते त्या तक्त्यापुरते उत्तम. पण पुढच्या वर्षीच्या तक्त्यात सीमा हलतात आणि तुलना मोडते.

आरोग्याच्या आकड्यांना अर्थ असलेल्या सीमा बहुधा आधीच ठरलेल्या असतात. खुंटलेल्या उंचीसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर २.५, १०, २० आणि ३० टक्के या सीमा वापरतात. ३० आणि त्यावर म्हणजे ‘अति जास्त’. अडचण अशी की राज्याची सरासरीच ३५.२ असल्यावर त्या सीमांनी बहुतेक महाराष्ट्र एकाच रंगात जाईल. म्हणून ३० ही सीमा ठेवा आणि तिच्या वर आपले टप्पे करा: ३० च्या खाली, ३० ते ३४.९, ३५ ते ३९.९, ४० आणि वर. चार वर्ग पुरे. पाच चालतील. सात छटा छापील नकाशात खपतात. फोनच्या पडद्यावर पाचवी आणि सहावी छटा वेगळी ओळखून दाखवा.

वर्गाच्या सीमेजवळच्या जिल्ह्यांबद्दल जरा नरमाईने बोला. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्रात ३१,६४३ कुटुंबं होती, म्हणजे जिल्ह्याला सरासरी ८८० च्या आसपास. त्यांत समजा पाच वर्षांखालची २५० मुलं मोजली आणि ३५ टक्के आलं, तर निव्वळ नमुन्यामुळे तो आकडा खाली-वर सुमारे सहा टक्के अंकांनी हलू शकतो; नमुना वस्त्या-वस्त्यांतून गटाने घेतलेला असल्यामुळे खरी मर्यादा त्याहून रुंद. ३४.८ चा जिल्हा फिका आणि ३५.२ चा गडद, म्हणून पहिल्याला शाबासकी आणि दुसऱ्याला नोटीस, असा अर्थ काढणाऱ्या बातम्या या नकाशांवरूनच निघतात.

तालुक्याच्या पातळीवर हे आणखी चिघळतं. वर्षाला १,५०० जन्म होणाऱ्या तालुक्यात एक मातामृत्यू झाला तर दर लाखाला ६७ येतो, दोन झाले तर १३३. एका बाईच्या जाण्याने तालुका ‘दुप्पट वाईट’ होतो. असे आकडे तीन किंवा पाच वर्षांचे एकत्र करून रंगवा, नाहीतर रंगवूच नका. रुग्ण पाचांहून कमी असतील, विशेषतः एचआयव्ही किंवा कुष्ठरोगासारख्या आजारात, तर तालुक्याचा आकडा उघड केल्याने माणूस ओळखू येतो. ती पेटी ‘५ पेक्षा कमी’ म्हणून झाका.

पायरी ६: डेटारॅपरमध्ये

‘क्रिएट न्यू’मधून मॅप, मग कोरोप्लेथ मॅप, म्हणजे क्षेत्रघनी नकाशा, निवडा. तयार नकाशांच्या यादीत न शिरता आपली जिओजेसन चढवा. ती २ एमबीच्या आत हवी. जुळवणीचा रकाना म्हणून एलजीडी कोड दाखवा. पुढच्या पडद्यावर सीएसव्ही चढवा आणि कोडचा नि आकड्याचा रकाना कुठला ते सांगा. न जुळलेल्या ओळी साधन लगेच दाखवतं. त्या शून्यावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंगाच्या पडद्यावर ‘कंटिन्युअस’ऐवजी ‘स्टेप्स’ निवडा, वर्ग चार करा, सीमा ‘कस्टम’ करून ३०, ३५, ४० हाताने टाका. अखंड छटांचा नकाशा सुंदर दिसतो, पण वाचकाला आपल्या जिल्ह्याची छटा रंगांच्या सूचीत शोधता येत नाही.

रंग एकाच कुळातला घ्या, फिक्याकडून गडदाकडे, आणि गडद म्हणजे जास्त. लसीकरणासारख्या चांगल्या गोष्टीतही गडद म्हणजे जास्तच ठेवा, नाहीतर दोन नकाशे शेजारी लावले की वाचक गोंधळतो. लाल-हिरवा टाळा, तो भेद न दिसणारे वाचक असतात, त्यांत पुरुष जास्त. दोन टोकांचे रंग तेव्हाच घ्या जेव्हा मध्ये खरोखर एक रेघ असते, उदाहरणार्थ मागच्या फेरीपेक्षा वाढ आणि घट. आकडा नसलेल्या जिल्ह्याला राखाडी द्या आणि सूचीत ‘आकडा उपलब्ध नाही’ असं लिहा. पांढरा दिलात तर तो सर्वांत कमी वाटतो.

टूलटिपमध्ये मराठी नाव, आकडा आणि टीप असे तीनही रकाने घाला, म्हणजे बोट ठेवल्यावर ‘नंदुरबार’ दिसेल, इंग्रजी स्पेलिंग नाही. जिल्ह्यांची सगळी नावं नकाशावर छापू नका. ‘छत्रपती संभाजीनगर’ एवढ्यानेच जालना झाकला जातो. पाच-सहा ओळखीची नावं पुरतात.

मुंबईचा प्रश्न उरतोच. मुंबई शहर १५७ चौरस किलोमीटर, उपनगर ४४६, गडचिरोली १४,४१२. उपनगरात ९३ लाख माणसं आणि गडचिरोलीत पावणेअकरा लाख, पण डोळ्याला दिसतं ते गडचिरोली. मुंबई-ठाण्याचा भाग मोठा करून कोपऱ्यात वेगळा नकाशा द्या, आणि खाली ३६ जिल्ह्यांचा उतरत्या क्रमाचा साधा तक्ता जोडा. आपला जिल्हा शोधायला लोक खरं तर तक्ताच वापरतात. गोव्यासाठी तर तक्ता किंवा दोन पट्ट्याच बऱ्या: एनएफएचएस-५ मध्ये तिथे उत्तर आणि दक्षिण असे दोनच जिल्हे आहेत.

शीर्षकात काय, कुणाचं, कधीचं हे तिन्ही हवं. ‘महाराष्ट्रातील कुपोषण’ नको. ‘पाच वर्षांखालील उंची खुंटलेली मुले, टक्के, २०१९-२१’ हवं. स्रोताच्या ओळीत सर्वेक्षणाची फेरी आणि सीमा कुठून घेतल्या ते लिहा.

मागच्या फेरीचा नकाशा शेजारी लावणार असाल तर दोन्हींच्या वर्गसीमा एकच ठेवा. एनएफएचएस-४ हे २०१५-१६ चं आणि त्यात २०११ च्या जनगणनेचे जिल्हे आहेत. ठाणे आणि पालघर तिथे एकच होते, तेव्हा या दोन जिल्ह्यांची तुलना राखाडी ठेवा किंवा वर सांगितलेल्या पद्धतीने एनएफएचएस-५ चे दोन आकडे वजन देऊन एक करा.

काहीतरी बिघडलं तर

नकाशाऐवजी पूर्ण चौकोन रंगला: आकृतीच्या कडा उलट्या दिशेने गुंफल्या गेल्यात. क्यूजीआयएसमधून जतन करताना ‘आरएफसी ७९४६’ हा पर्याय ‘नो’ ठेवून फाइल पुन्हा काढा, किंवा मॅपशेपरमधून एकदा फिरवून घ्या.

सगळे जिल्हे एकाच रंगात: आकड्यांच्या रकान्यात टक्क्याचं चिन्ह, मोकळी जागा किंवा देवनागरी अंक आलेत. एकच जिल्हा कोरा: कोडच्या मागे न दिसणारी मोकळी जागा, बहुधा पीडीएफमधून आलेली. शीटमधल्या ट्रिम सूत्राने गेली नाही तर पेटी पुसून हाताने लिहा; ३६ च तर आहेत.

दुरुस्ती केली पण वेबपानावर जुनाच नकाशा: डेटारॅपरमध्ये बदल आपोआप बाहेर जात नाहीत, ‘रिपब्लिश’ दाबावं लागतं. वर्डप्रेसमध्ये नकाशाऐवजी डेटारॅपरने दिलेला एम्बेड कोडच दिसतोय: तो साध्या मजकुरात चिकटवलात; ‘कस्टम एचटीएमएल’चा ठोकळा घेऊन त्यात टाका, आणि कोड ‘रिस्पॉन्सिव्ह’ प्रकारचा निवडा, नाहीतर फोनवर विदर्भ कापला जातो.

व्हॉट्सॲपवर पाठवायला पीएनजी काढाल, तेव्हा ती साध्या फोनवर उघडून बघा. जोडाक्षरं सुटी पडली आहेत का, सूचीतले आकडे वाचता येतात का, आणि स्रोताची ओळ चित्राच्या आत आहे का. पान मागे राहतं आणि चित्रच फिरतं, त्यामुळे जे त्यात लिहिलेलं नाही ते पुढच्या वाचकापर्यंत पोचत नाही.